पाठीतलं पाणी

किंजलला धरून ठेवायला दमयंतीलाच सांगितलं. तापात पोर आईलाही ओळखत नव्हती, तरी आईच्या हातांत ती कमी झटापट करेल, असं नर्स मोनालीचं म्हणणं. म्हणून गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी, अशी कोळंबीसारखी वाकवून दमयंतीनं लेकीला घट्ट धरलं आणि मोठ्या डॉक्टरांनी पाठीच्या दोन मणक्यांमधून सुई आत घातली. किंजल किंचाळली. तापानं फणफणलेली, मान ताठ झालेली, कालपासून शब्दही न बोललेली पोर. एवढा आवाज तिच्यात कुठून आला कोण जाणे. मग एका चिमुकल्या नळीत थेंबथेंब पाणी जमलं.

डॉक्टरांनी त्यामागचं कारण सांगितलं होतं आणि ते दमयंतीला नीट कळलं होतं. मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यात खाली उतरलेलं असतं. मेंदूला लागण कसली झाली आहे, ते त्या पाण्यावरून कळणार. टीबीची असेल तर औषधं वेगळी, दुसऱ्या जंतूंची असेल तर वेगळी. तोवर अंदाजानं इंजेक्शनं चालू ठेवायची. म्हणजे पोरीचा जीव त्या नळीत होता.

नळीची तपासणी बोईसरच्या त्या हॉस्पिटलात होत नसे. ती पालघरच्या लॅबला जाई आणि नातेवाइकानं न्यावी असा तिथला रिवाज होता. मोनालीनं नळी भावेशच्या तळहातावर ठेवली, लवकर पोचवा म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

भावेश हा दमयंतीचा धाकटा दीर. नवरा नरहरी बोट घेऊन समुद्रात गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, त्यामुळे धावपळ सगळी भावेशवर. किनाऱ्यावरच्या दांडी-नवापूरची मासळी बोईसरच्या बाजारात पोचवणं हा त्याचा धंदा, आणि एप्रिलच्या उन्हात माल टिकवणं ही त्याची हुशारी. मोटरसायकलवरची थर्माकोलची पेटी त्यानं नळाखाली घासून घासून धुतली. ओळखीच्या बर्फवाल्याकडून ताजा चुरा घेतला. नळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मधोमध रोवली, वर आणखी चुरा दाबला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. जे जपायचं ते बर्फात, हे दांडीत कुणाला शिकवावं लागत नाही. वाटेत तो चहालाही थांबला नाही.

लॅबमध्ये डॉक्टर समिधा यांनी पेटी उघडली आणि चुऱ्यातून नळी उपसून काढली. मग त्यांनी विचारलं, बर्फात ठेवायला कुणी सांगितलं? कुणी नाही, भावेश अभिमानानं म्हणाला, माझं मीच ठेवलं. बरं, मग कसं आणायचं ते तरी कुणी सांगितलं होतं का? तेही नाही. समिधा मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि सावकाश समजावलं. मेंदूज्वराचे काही जंतू फार नाजूक असतात. माणसाच्या अंगाच्या उबेत ते जगतात, गारठले की मरतात. मेलेले जंतू काचेच्या बशीत वाढवता येत नाहीत, आणि ते वाढले नाहीत तर त्यांच्यावर नेमकं कोणतं औषध चालतं हे तपासता येत नाही. त्या पुढेही बरंच बोलल्या, पण भावेशच्या डोक्यात 'मेले' एवढाच शब्द उरला होता.

परत आल्यावर तो वॉर्डात आलाच नाही. दमयंतीला तो बाहेर पायरीवर सापडला.

"वैनी, मी घालवलं," तो म्हणाला. "माज्या हातानं घालवलं."

तिनं त्याला दंडाला धरून आत आणलं, तेवढ्यात मोठे डॉक्टर खाटेशी आले. लॅबचा फोन त्यांना येऊन गेला होता.

"बर्फात घातलंत?" ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले. "पापलेट होतं का ते?"

पलीकडच्या खाटेवरचे लोक हसले. मोनालीही तोंड फिरवून हसली. डॉक्टर म्हणाले, आता परत पाणी काढावं लागेल, आणि त्याला जबाबदार तुमचा हा माणूस. भावेशनं मान खाली घातली. तो असा कधी उभा राहिलेला दमयंतीनं पाहिला नव्हता. बाजारात चढ्या आवाजात भाव करणारा, किंजलला खांद्यावर बसवून जत्रा फिरवणारा तिचा दीर, आणि त्याला वॉर्डभर पोरीचा मारेकरी ठरवत होते.

"त्याला काय सांगितलं व्हतं तुमी?" तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, एवढी अक्कल माणसाला असायला हवी.

"त्याच्याकडं त्याची अक्कल व्हती, ती त्यानं लावली. तुमची अक्कल तुमी त्याला दिली नाय."

दमयंतीनं भावेशच्या फोनवरून लॅबला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पुन्हा सुई टोचायची का, एवढंच तिनं विचारलं.

पलीकडून समिधा मॅडमचा आवाज शांत होता. "नाही. मी हे डॉक्टरांना मघाशीच सांगितलंय. जंतू वाढवायची चाचणी गेली. इंजेक्शनं सुरू झालीत, त्यामुळे आता परत पाणी काढलं तरी जंतू वाढण्याची आशा कमीच. पण पाण्यातल्या पेशी मी मोजल्यात, साखर पाहिली. उरलेल्यावर जंतूंच्या जनुकांची चाचणी लावलीय. तिला जिवंत जंतू लागत नाहीत. बर्फानं ती बिघडत नाही."

दमयंतीनं डॉक्टरांकडे पाहिलं. मघाशीच सांगितलं होतं. आणि तरी हा माणूस तिच्या लेकीला पुन्हा वाकवायला निघाला होता, का, तर सगळं नव्यानं झालं म्हणजे पहिली नळी काही न सांगता दिल्याचं कुणी विचारणार नाही. डॉक्टर फोनकडे बघत म्हणाले, ठीक आहे, रिपोर्टची वाट बघू, आणि निघून गेले.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. टीबी नव्हता. न्यूमोनिया करणारा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला होता. औषध होतं, पण कोणतं नक्की चालेल ते कळायची वाट बंद झाल्यामुळे दोन जहाल इंजेक्शनं शेवटपर्यंत चालू ठेवावी लागली. किंजलच्या हातांच्या शिरा सुजल्या, सलाईन पायाला लावावी लागली. पण ताप उतरला, मान सैल झाली, आणि एका दुपारी तिनं डोळे उघडून काकाला विचारलं की माझ्यासाठी बोंबील आणलेस का. भावेश उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला.

घरी सोडायच्या दिवशी दमयंतीला नर्सच्या टेबलामागं नवा कागद चिकटवलेला दिसला. नातेवाइकांनी सॅम्पल बर्फात ठेवू नये, खराब झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही. तिनं तो दोनदा वाचला. एवढं होऊनही चूक नातेवाइकांचीच.

ती बाहेर आली तर एक माणूस स्कूटरची डिकी उघडत होता. जवळच्या सरावलीत राहणारा बन्सी, कारखान्यातला कामगार. त्याची बायको कालच वॉर्डात आली होती. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्याच्या मुठीत तसलीच नळी होती, आणि डिकीला हात लावला तर चटका बसत होता.

"रुको," दमयंती म्हणाली आणि त्याचं मनगट धरून त्याला थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये घेऊन गेली. भावेशलाही तिनं हाक मारून दारात उभं केलं.

"याला सांगा," ती डॉक्टरांना म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, नर्स सांगेल.

"नर्सनं नाय सांगितलं. तुमी सांगा. मी हितंच उभी हाय."

बन्सी गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा डॉक्टरांकडे बघत होता. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्याला हिंदीत सांगितलं, की नळी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेव, ऊन नको, बर्फ नको, कुठेही न थांबता लॅबला जा. बन्सीनं नळी खिशात घातली, वरून हात धरला आणि पळाला.

दमयंतीनं भावेशकडे बघितलं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "एवढंच सांगायचं व्हतं."