थांबा, काम चालू आहे

अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेत संगणकाचं सगळं काम एका तज्ज्ञाच्या हातात होतं. गडी हुशार, पण हुशारी डोक्यात गेलेली. रेकॉर्डिंग मोठ्या संगणकावर हलवायला त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. काळ्या पडद्यावर ओळ टाइप करायची आणि वाट बघायची. काम चालू आहे की बंद पडलंय, याबद्दल पडदा चकार शब्द काढत नसे.

रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "दादा, 'थांबा, काम चालू आहे' एवढी एक चौकट येऊ द्या ना. जीव टांगणीला लागतो हो."

"चौकट? सोबत बाराखडी पण देऊ का?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "झेपत नसेल तर घरी बसा!"

सगळे खो खो हसले. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

संस्थेसाठी एक निवृत्त गुरुजी मुलांच्या गोष्टीचं एक पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होते. एका दुपारी त्यांनी त्याचं शेवटचं प्रकरण वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यात आवाज कायमचा जाणार होता. बाईंनी ओळ टाइप केली. पडदा गप्प. बराच वेळ गप्प. विचारायला जावं, तर पुन्हा हसं! संगणक अडकला असं समजून त्यांनी तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी कळलं, काम चालूच होतं; मध्येच बंद केल्याने प्रकरण इकडून पुसलं गेलं होतं आणि मोठ्या संगणकावर पोहोचलंच नव्हतं. तोवर गुरुजींचं ऑपरेशन उरकलं होतं.

"अक्कल गहाण टाकली होती का?" तज्ज्ञ बाईंवर ओरडला. त्यांनी त्याच दिवशी काम सोडलं.

संस्थेचे प्रमुख जन्मांध होते. त्यांनी तज्ज्ञाला बोलावलं. "मला दिसत नाही, म्हणून लोक सांगतात, साहेब, पुढे पायरी आहे. बाईंना तुझ्या पडद्यावर काही दिसत नव्हतं. तू काय सांगितलंस?"

"त्यांनी शिकायला हवं होतं, सर."

"मीही बघायला शिकायला हवं होतं, नाही का? जा, गुरुजींना तूच सांग."

गुरुजींच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'शेवट आवडला का मुलांना?'

त्याने कसंबसं खरं सांगितलं. गुरुजींनी पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

अरेरे! चौकट करायला त्याला जेमतेम अर्धा तास लागला. लाजेने मान खाली घालून तो बाईंच्या दारात गेला आणि चौकट केल्याचं सांगितलं. "छान झालं हो," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

वाचकहो, आपल्याला येतं ते दुसऱ्याला येत नसेल, तर हसू नका. दोन शब्द सांगा. ते प्रकरण आता दुसऱ्याच कुणी वाचलंय. मुलं मात्र दरवेळी तिथे पोहोचली की विचारतात, "गुरुजी कुठे गेले?"