मोटार कोणाच्या रिमोटात

“दिवा हाय, पंखा हाय, देवघरातली दिव्यांची माळबी हाय. मोटार कुटं हाय?”

आकारामांनी नवा रिमोट उलटासुलटा करून अण्णाप्पापुढे धरला. घरातील दिवे, पंखे आणि पाण्याची मोटार एका बिनतारी जाळ्यात गुंफण्यासाठी हा कारागीर कागलहून आला होता. माणसे तीन, म्हणून रिमोटही तीन.

“मोटार दादांच्या रिमोटात, आबा. त्यो मुख्य. त्यानं शिकवल्याबिगर बाकीच्या दोघांस्नी काय येत न्हाय. आन् दादा म्हणलं, आबांस्नी मोटार नको.”

मंत्र गुरूकडूनच मिळावा, तसाच हा प्रकार. मात्र येथे गुरुस्थानी आकारामांचा मुलगा विजयसिंह होता.

एकतीस वर्षे आकारामांनी शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले. निवृत्तीनंतर पाण्यावरचा एवढाच अधिकार शिल्लक राहिला होता. रोज सकाळी ते गच्चीवरील टाकीला कान लावत. खाली अंगणात पत्नी बनाबाई बटणापाशी उभ्या राहत. टाकी भरत आल्याचा नाद कानी येताच वरून हाक येई, “बने, बंद!” आजवर एक थेंब ओसंडला नव्हता. बँकेत साहेब झालेल्या विजयसिंहाला त्या हाकेची लाज वाटे.

आज तो स्नानाला गेला आणि बनाबाईंनी फळीवरचा मुख्य रिमोट उचलला.

“भाईर यायला अर्धा तास लावतोय त्यो. उरका.”

“दादा रागावतील, काकी.”

“मी हाय की.”

मुख्य रिमोट आणि मोटार शिकायचा आकारामांचा रिमोट पाटावर समोरासमोर ठेवले गेले. “मुख्यावरचं तिसरं बटण नुसतं टेकवून सोडा,” अण्णाप्पा म्हणाला. परंतु व्हॉल्व्ह गच्च आवळण्यात आयुष्य गेलेल्या आकारामांनी ते सर्व बळ एकवटून दाबून धरले.

“सोडा, आबा, सोडा! पुसली की मोटार! आता कुणाच्याच रिमोटात न्हाय.”

या गडबडीत सकाळी टाकी भरायची राहिली होती. त्याच क्षणी न्हाणीघरातून आवाज आला.

“आबा, पाणी गेलं. डोळ्यात साबण हाय.”

“मग दाब की तुझा रिमोट,” आकाराम शांतपणे म्हणाले.

“त्यो भाईर हाय.”

“व्हय, हितंच हाय. पर त्याला मोटार येत न्हाय.”

भिंतीवरचे जुने बटण अण्णाप्पाने सुदैवाने अजून काढले नव्हते. बनाबाई अंगणात धावल्या, आकाराम गच्चीवर गेले. मोटार घरघरली. यथावकाश हाक आली, बटण बंद झाले. थेंब सांडला नाही.

कानात फेस घेऊन विजयसिंह बाहेर आला. कोरड्या अंगणाकडे त्याने एकदा पाहिले.

“अण्णाप्पा, मोटार आबांच्या रिमोटात घाल.”

“आन् तुमच्यात?”

“ऱ्हाऊ दे.”

दुसऱ्या दिवशी आकाराम रिमोट घेऊन ऐटीत वर गेले. नाद बदलताच त्यांनी बटण टेकवले. मोटार निमूट थांबली. समाधानाने त्यांनी कठड्यावरून खाली पाहिले. जुन्या बटणाकडे हात उचलून, मान वर करून, बनाबाई उभ्या होत्या.

“झालं व्हय?” त्यांनी विचारले.

“व्हय.”

हात पदराला पुसून त्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी आकारामांनी रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवला, खिशाचे बटण लावले आणि टाकीला कान लावला. थोड्या वेळाने गल्लीने ऐकले,

“बने, बंद!”