अवधूत मास्तरांची तपासणी

अवधूत मास्तरांना निलंग्याच्या शाळेत येऊन चार वर्षं झाली, पण त्यांच्या खोलीवर कधी कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. बायको नि लेक तिकडे उमरीला, म्हाताऱ्या वडिलांपाशी. वडील घर सोडायला तयार नाहीत, आणि निजाम सरकार मास्तरांना सोडायला तयार नाही! मागल्या सुटीत घरी गेले, तर पाच वर्षांची विनीता आईच्या पदराआड लपली. "हे कोण गं?" म्हणाली. मास्तरांच्या काळजात चर्र झालं.

बदलीचे दोन अर्ज वाया गेले होते. तिसरा दिला, तेव्हा हेडमास्तर ईश्वरप्पा म्हणाले, "शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी, मोहतमीमसाहेब, शाळा तपासायला यायलेत. इंग्रजीचा वर्ग झकास होऊ द्या, मग मी शब्द टाकतो."

मास्तर हात धुऊन पोरांच्या मागे लागले. शाळेत सगळं उर्दू, पोरांच्या घरी मराठी नाहीतर कानडी, त्यात ही इंग्रजी! त्यांनी युक्ती काढली. "उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मुअल्लिम म्हणजे शिकवणारा; दोन्ही शब्द एकाच घरातले, हो की नाही? तसंच इथं. टीच म्हणजे शिकवणं, शिकवणारा तो टीचर. आता आपापल्या घरचं काम सांगा."

परटाचा मडिवाळप्पा उठला, "वॉश, वॉशर!" विणकराचं पोर म्हणालं, "वीव्ह, वीव्हर!" आचाऱ्याच्या मल्लिकार्जुननं ठोकून दिलं, "कुक, कुकर!"

"अरे गाढवा, कुकर म्हणजे भांडं! तुझा बाप कुकच!" मास्तर पोट धरून हसले. संध्याकाळी ही गंमत कुणाला तरी सांगावीशी वाटली, पण खोलीत चुलीशिवाय होतं कोण?

साहेब आले आणि पोरांना एकेक शब्द विचारू लागले. "बिल्ड?" "बिल्डर, बिल्डिंग!" "ॲक्ट?" मडिवाळप्पा अडखळला. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. "ॲक्टर... ॲक्शन!" शाबास रे पठ्ठ्या!

साहेब बेहद्द खूश झाले. ईश्वरप्पांनी अर्ज पुढं केला. साहेबांनी तो वाचला, आणि मास्तरांकडे बघून प्रेमानं हसले.

"ऐसे उस्ताद को कौन छोडेगा, मास्टरसाब? और पाँच साल इन बच्चों को दीजिए." तिथंच शेरा मारला, नामंजूर.

"मास्तर जानार न्हाईत!" वर्ग टाळ्यांनी दणाणला. मडिवाळप्पा तर धावत येऊन बिलगला. मास्तरांच्या मनात आलं, मेल्या, एक उत्तर तरी चुकायचं होतंस रे. असं मनात यावं याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी पोराला आणखी जवळ ओढलं आणि सगळ्या वर्गासमोर ते रडू लागले. पोरांना वाटलं, मास्तरांना आनंद झालाय.