धुकं माझ्या आत होतं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र दिसेल म्हणून मला डोळा लावाल तर हाती काही लागणार नाही. मी पोटात बघणारी दुर्बीण आहे. पेन्सिलीहून बारीक आणि दीड वीत लांब अशी माझी पोलादी नळी, आणि तिच्यात एकापुढे एक बसवलेल्या काचेच्या कांड्या. पोट मोठं कापायचं नसलं की डॉक्टर तीन बारीक छिद्रं पाडतात. एकातून मी आत जाते, दोनांतून हत्यारं. मला दिसतं ते माझ्या टोकाला लावलेल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर दिसतं आणि पडद्याकडे बघत डॉक्टर काम करतात. मला दिसलं नाही, तर सगळेच आंधळे.

मला धुण्याचं काम मामांकडे होतं. इस्पितळात लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणत. कोमट पाणी, मऊ कापूस आणि एक नियम: दुर्बीण दोन हातांनीच धरायची. नव्या माणसाला ते सांगत, तान्ह्या बाळासारखी धर, मान सांभाळ. धुता धुता ते माझ्याशी गप्पा मारत, म्हणून त्यांच्या घरचं मला ठाऊक होतं. कामात काही चुकलं की ते संध्याकाळी बायकोला सांगत. ती म्हणे, "उद्या जाऊन सांगून टाका. आता जेवा." आणि दुसऱ्या दिवशी ते सांगून टाकत. गेल्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले.

एका दुपारी त्यांनी मला एकाच हाताने धरलं. दुसऱ्या हाताने ते तोंड पुसत होते. मी निसटले आणि सिंकच्या काठावर आपटले.

मामांनी मला उचललं, उजेडाकडे धरून डोळा लावला. सगळं स्वच्छ दिसलं. पण डोळा लावतात त्या टोकाच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली होती. ती त्यांना दिसली नाही, मला मात्र कळली. तिथून पाणी आत शिरणार होतं. मामांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. मला वाटलं, उद्या सांगतील. पण 'सांगून टाका' म्हणणारं घरी कोणी उरलं नव्हतं. त्यांनी मला निर्जंतुक करून डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या एका मुलीचं ऑपरेशन होतं. तिचं तोंड मिटत नसे, म्हणून घरचे तिला वटवट म्हणत. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या बेंबीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक बारीक नळी असते. पुढे ती मिटते आणि नुसता दोरा उरतो. वटवटची नळी मध्येच थोडी मिटायची राहिली होती. तिथे पाणी साठून गाठ झाली, गाठ पिकली, बेंबीतून पू आला. औषधाने पू आटला, पण गाठ तशीच ठेवली तर पुन्हा पिकणार. ती मुळासकट काढायची होती, आणि मूळ होतं लघवीच्या पिशवीला चिकटलेलं. तिथे हात चुकला तर पिशवी नको तिथे चिरली जाते.

मुलीचे वडील कुलपं दुरुस्त करत. मामा माझा डबा घेऊन निघाले, तेव्हा ते ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच उभे होते. कोरड्या तोंडाने हसून म्हणाले, कुलूप न फोडता आतलं काम, म्हणजे आमचाच धंदा की. मग हळूच विचारलं, "हत्यार पडलं-बिडलं नाही ना? मी पडलेलं हत्यार तपासल्याशिवाय कुलपात घालत नाही."

"काळजी करू नका," मामा म्हणाले. डबा त्यांनी आता दोन्ही हातांनी धरला होता.

शेजारच्या खाटेवरून वटवटने विचारलं, "मामा, माझ्या पोटात अंधार असेल ना? दुर्बिणीला भीती वाटेल का?"

मित्रांनो, मला भीती वाटतच होती.

गार नळी उबदार पोटात शिरली की काचेवर वाफ धरते. हे रोजचंच. सिस्टरने मला कोमट पाण्यात बुडवून पुसलं, आणि मी पुन्हा आत गेले. वरच्या भिंतीला लिंबाएवढी गाठ लोंबत होती. डॉक्टरीणबाईंनी ती बेंबीकडून सोडवली आणि खाली पिशवीकडे आल्या. पिशवीची कड नीट दिसावी म्हणून वेगळ्या बारीक नळीने तिच्यात पाणी भरलं. त्यांनी कात्री उघडली, आणि नेमकी तेव्हाच मी धूसर झाले.

मला बाहेर काढून पुसलं. धुकं तसंच. पुन्हा पुसलं. तसंच. बाहेरून पुसून काय होणार? पाणी माझ्या आत होतं. ओरडून सांगावंसं वाटलं, पण दुर्बिणीला तोंड नसतं.

मदतनीस डॉक्टर म्हणाले, कॅमेरा बिघडलाय, दुसरा मागवतो. त्याला किती वेळ लागेल ते कोणी सांगेना.

"कोणी हलू नका," बाई म्हणाल्या. "माझी कात्री आत उघडी आहे. टोक कुठे आहे, मला दिसत नाही."

त्यांचा आवाज चढला नाही. कात्रीवरचा हात त्यांनी होता तिथेच धरून ठेवला. पाच मिनिटं वाट बघू, नाहीतर पोट उघडावं लागेल, असं त्या म्हणाल्या. भूल देणारे डॉक्टर घड्याळाकडे बघू लागले.

तेवढ्यात दारातून मामांचा आवाज आला.

"बाई, कॅमेरा बदलू नका. दुर्बीण माझ्या हातून पडली होती. काल दुपारी. दुसऱ्या डब्यात आणखी एक आहे. सकाळी लवकर येऊन मी ती वाफेत निर्जंतुक करून ठेवलीय."

म्हणजे ती भीती त्यांनाही होती. दुसरी दुर्बीण त्यांनी तयार ठेवली होती, सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"आणा," बाई म्हणाल्या. "बाकीचं नंतर."

मला ट्रेमध्ये बाजूला ठेवलं. आयुष्यभर मी आत बघत आले, त्या दिवशी मी नुसती ऐकत होते. दुसरी दुर्बीण आत गेली. मग बाई म्हणाल्या, "कात्री आणि पिशवीत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर आहे." त्यापुढे बराच वेळ फक्त यंत्राची टिकटिक. टाके पडले. पिशवीत पुन्हा पाणी भरलं. मी वाट पाहत होते.

"गळत नाही."

मग सिस्टरने माझ्याशेजारी एक वाटी ठेवली. तिच्यात ती गाठ होती.

संध्याकाळी मामा स्वतःच मुलीच्या वडिलांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वडील एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला." खाटेवरून जडावलेल्या जिभेने वटवटने विचारलं, घाबरली का हो दुर्बीण?

"ती नाही, बाळ," मामा म्हणाले. "मी घाबरलो होतो."

मामांना लेखी समज मिळाली. काम मात्र राहिलं. माझी चीर बुजली नाही. आता मी सिंकच्या वर एका खुंटीला टांगलेली असते. नवा माणूस आला की मामा मला त्याच्या हातात देतात, डोळा लावायला सांगतात. त्याला धुकं दिसतं. मग मामा त्याला ती दुपार सांगतात, स्वतःचं नाव न लपवता.

मित्रांनो, वस्तू दोन हातांनी धरा. तरीही कधीतरी पडेल. पडली तर त्याच दिवशी सांगा. घरी 'सांगून टाका' म्हणणारं माणूस असेल तर आधी त्याला सांगा. नसेल, तर मामांनी केलं तसं गप्प राहू नका. आणि मला तर सांगूच नका. मी ऐकते, पण मला बोलता येत नाही.