कारण : इतर

मालकांनी पडद्यावरची पिवळी पट्टी रुमालाने पुसून पाहिली. गेली नाही.

सूनबाईने आधी उठून पंखा बंद केला. मालक केबिनमध्ये आले की ती पहिलं काम हेच करायची. पोरीला विजेची कदर आहे, असं मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

"ती काचेवर नाहीये बाबा," ती म्हणाली. "कारखान्यात आहे."

कारखाना बिजागऱ्यांचा. सूनबाईने महिन्यापूर्वी प्रत्येक यंत्राच्या अंगाला काडेपेटीएवढी एकेक डबी चिकटवली होती. यंत्र चालू असलं की पडद्यावर हिरवं, थांबलं की पिवळं. थांबलं तर कामगाराने कारणाचं बटण दाबायचं. बटणं चारच : साचा, माल, वीज आणि इतर. पहिल्या तिन्हींवर धूळ बसली होती. सगळं पिवळं 'इतर'च्या खात्यावर जमा होत होतं.

हा खेळ हौसेचा नव्हता. कपाटं बनवणारं जुनं गिऱ्हाईक हातचं चाललं होतं. परदेशातल्या बिजागऱ्या समुद्र ओलांडून येतात तरी वेळेवर पोचतात, तुमच्या नुसता रस्ता ओलांडताना दमतात, असं ते हसत हसत म्हणालं होतं. आणि ही खेप चुकली तर पुढची मागणी तिकडे, हे न हसता. तसं झालं असतं तर पत्रा कापणाऱ्या निम्म्या प्रेसवर ताडपत्री पडली असती आणि त्या चालवणारी माणसं घरी बसली असती. नवी यंत्रं घ्यायची ऐपत नव्हती. सूनबाईचं म्हणणं एवढंच की आहेत ती थांबू नयेत. प्रेस एकदा थांबवून पुन्हा सुरू केली की पहिले काही नग भंगारातच जातात.

मालकांचा डब्यांवर विश्वास नव्हता. उभं आयुष्य त्यांनी कानाने कारखाना चालवला होता. प्रेस खोकली की त्यांना लांबून कळे. "मी काय कान भाड्याने दिलेत?" असं त्यांनी डब्या घेऊन आलेल्या डबीवाल्याला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. तो काहीतरी पुटपुटला होता. पण हा 'इतर' नावाचा इसम कोण, याचं मात्र त्यांना विलक्षण कुतूहल वाटू लागलं.

त्यांनी शोध हाती घेतला. आधी संशय चहाच्या किटलीवर, मग मोबाइलवर, मग संडासाच्या मोडक्या कडीवर. रोजच्या फेरीत ते प्रत्येक यंत्रापाशी थांबून "काय, बरंय ना?" असं विचारत. हे माणसाला की यंत्राला, ते आजवर कोणी विचारलं नव्हतं. आता ते त्याला जोडून खोदून खोदून चौकशीही करू लागले. माणसं अदबीने यंत्र थांबवत, हात पुसत आणि "काही नाही मालक" म्हणत. चौकशी सुरू झाल्यापासून पिवळं वाढलं. चोर सावध झाला, असा मालकांनी निष्कर्ष काढला.

एकच यंत्र अखंड हिरवं होतं : कोपऱ्यातलं ग्राइंडिंग. तिथल्या भुकटीने मालकांना शिंका येत, म्हणून ते तिकडे फिरकत नसत. त्या ग्राइंडिंगवाल्याचं त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, याच्याकडून शिका म्हणाले. तो बिचारा नवरदेवासारखा खाली मान घालून उभा राहिला आणि बाकीचे त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसले. मालकांना वाटलं, मत्सर.

मग एका सकाळी पायरी उतरताना मालकांचा पाय मुरगळला. फेरी रद्द झाली. स्टुलावर पाय ठेवून ते केबिनमध्ये पडद्यासमोर बसले. म्हटलं, आज चोर रंगेहाथ धरू. सूनबाई कपाटवाल्यांकडे गेली होती. पडदा हिरवा. चहा आला, गेला. पडदा हिरवा. जेवणाची सुट्टी सोडली तर नुसतं हिरवंगार, गुरं सोडावीत असं.

मालकांनी आदल्या दिवसाचा पडदा काढला, मग त्याच्या आदल्या दिवसाचा. पिवळे तुकडे पायऱ्यांसारखे उतरत होते : दारापाशी पहिली प्रेस, मग शेजारची, मग तिच्यापुढची, मागच्या भिंतीपर्यंत. कोपरा वगळून. तिथून वळून परत दारापाशी.

त्यांनी आपल्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं.

मग त्यांनी फोरमनला बोलावलं. कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणतो म्हणून त्याला सगळे 'ब्रेक' म्हणत. तो आला आणि आत येताच पंख्याच्या बटणाकडे गेला.

"मी आलो की मशीन का थांबवता रे?"

"नाही, तसं काही नाही."

"ब्रेक."

ब्रेकने टोपी काढली, आत डोकावून पाहिलं, परत घातली.

"तुम्ही विचारता काहीतरी. उत्तर द्यावं लागतं."

"मग चालू मशीनवर द्यायचं."

"आधी देत होतो."

"मग?"

"मग तुम्ही परत विचारायचात," ब्रेक म्हणाला. "आणि परत."

मालकांनी मान डोलावली. ब्रेक जाताना दार ओढून घेऊन गेला.

दुपारी मालक लंगडत खाली उतरले. पहिल्या प्रेसवाल्याचा हात सवयीने प्रेस बंद करायच्या बटणाकडे गेला. मालकांनी तळहात दाखवून त्याला थांबवलं आणि तोच तळहात प्रेसच्या अंगावर ठेवला. ती नीट चालली होती. त्यांनी काही विचारलं नाही. प्रेसवाल्याकडे बघून भुवई उडवली. त्याने अंगठा वर केला. पुढच्यानेही. रांगेच्या शेवटी मालक वळले आणि नाकाला रुमाल लावून कोपऱ्यातल्या ग्राइंडिंगपाशीही जाऊन आले. शिंका आल्याच.

संध्याकाळी सूनबाई परतली तेव्हा ते केबिनमध्येच होते. तिने पडद्यावरून नजर फिरवली, खाली टोकापर्यंत. मग त्यांच्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं," मालक म्हणाले.

तिने टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

"तो तुझा डबीवाला," मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्याच्या ओळखीत माणसाच्या कानाला लावायचं काही करून देणारं कोणी आहे का?"

सूनबाईचे ओठ हलले. वर पंखा गरगरत होता. तिच्या लक्षात आलं आणि ती बटणाकडे जायला उठली.

"राहू दे, चालू राहू दे," मालक म्हणाले, आणि खुर्ची ओढत तिच्या टेबलाजवळ आले. "हं. आता सांग."