जुन्या औषधाची ओळ

धाकटीने सूक्ष्मदर्शकावरून मान वर काढली ती ओरडतच. "आत्या, मेल्या! सगळ्या मेल्या!"

रक्ताच्या कर्करोगाच्या त्या पेशी तीन वर्षे तिला पुरून उरल्या होत्या. औषध पेशीला मरणाचा हुकूम देई. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर एक राखणदार प्रथिन ठाण मांडून बसलेले असे, ते हा हुकूम पुढे सरकूच देत नसे. त्या राखणदाराला हटवणारे नवे रसायन धाकटीने तबकडीतल्या खळग्यांच्या एका ओळीत जुन्या औषधाच्या जोडीला दिले, आणि मग पेशींवर निळा रंग सोडला. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी लखलखीत राहते. आज सगळीकडे निळेच निळे होते.

"इथे मी आत्या नाही, बाई आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या आत्याने बजावले. "आणि तुलनेला नुसत्या जुन्या औषधाची ओळ कुठे आहे?"

"ती... शंभरदा करून झालीय, म्हणून या वेळी..."

"वगळलीस. वा! बाटल्यांवर नावं कुठे लिहिली होतीस?"

"झाकणांवर."

"दोन्ही बाटल्या एकदमच उघडल्या होत्यास ना?"

धाकटीची मान खाली गेली. एका बाटलीत या चिवट पेशी होत्या, दुसरीत साध्या. आणि साध्या पेशी जुन्या औषधानेच मरतात. झाकणांची अदलाबदल झाली असेल, तर मेल्या त्या साध्याच, आणि तीन वर्षे पाण्यात.

"रडायचं ते नंतर," बाई म्हणाल्या. "त्याच बाटलीतल्या पेशी घे. एका ओळीत नुसतं जुनं औषध, दुसरीत दोन्ही. परवा सकाळी नऊला मी स्वतः मोजीन."

दोन दिवस धाकटीचा जीव टांगणीला लागला. जाता-येता ती उबदार पेटीच्या काचेला नाक लावून पुटपुटे, "पहिल्या ओळीतल्यांनो, जगा गं बायांनो!"

"शत्रूला दीर्घायुष्य चिंतणारी तू पहिलीच," तंत्रज्ञ काका हसून म्हणाले. पण स्वतः मात्र दर तासाला पेटीचे तापमान पाहून जात होते.

ठरल्या दिवशी बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि भिंगाला डोळा लावला.

"पहिली ओळ. शंभरात तीन निळ्या." बाईंचा आवाज कोरडाठाक होता. "बाकीच्या ठणठणीत. म्हणजे बाटली चिवट पेशींचीच."

धाकटीने काकांचा दंड घट्ट धरला.

"दुसरी ओळ. शंभरात एक्क्याण्णव निळ्या."

धाकटीने अशी उडी मारली की स्टूल कलंडले. काकांनी टाळ्या पिटल्या.

"उड्या बाहेर मारायच्या! इथे काचसामान आहे," बाई कडाडल्या, पण डोळा भिंगावरून काही हलला नाही.

"बाई, मलाही बघू द्या की!"

"थांब जरा."

"आत्या! पेशी माझ्या आहेत!"

"असतील," असे म्हणत आत्याने तिला कोपराने हलकेच मागे सारले आणि खुर्ची आणखी पुढे ओढली. "मला पुन्हा पहिल्यापासून मोजू दे."