डावं पाऊल

वाकडं काही दिसलं की माझ्या हाताला कंड सुटते. कुणाच्या घरी देवाची तसबीर तिरकी टांगलेली असली, तर मी आधी ती सरळ करते आणि मग बसते. आमचे हे म्हणायचे, "सौदामिनी, तू बाई नाहीस, गवंड्याचा ओळंबा आहेस." म्हणू देत. ओडिशात पुरीकडच्या खेड्यांत एकवीस वर्षं मी प्राथमिक शाळेच्या पोरांना चित्रकला शिकवली, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराची रेघ वाकडी नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

आता सांगत नाही.

त्या वर्षी श्रावणात माझी बदली नव्या गावी झाली. मार्गशीर्षात आसपासच्या शाळांची झोटीची स्पर्धा होती. तांदूळ वाटून पातळ करायचे आणि गेरूच्या भिंतीवर बोटांनी नक्षी काढायची: भाताच्या लोंब्या, कमळं, आणि गुरुवारी घरात येणाऱ्या लक्ष्मीची पावलं. आमच्याकडे हे प्रत्येक बाईच्या हातात असतं, पण पोरांच्या हातात ते घोटून बसवावं लागतं. मी तिसरीच्या वर्गाला ओळीने बसवलं. मूठ वळा, करंगळीकडची कड पिठात बुडवा, जमिनीवर दाबा. उजव्या मुठीचं उजवं पाऊल, डाव्या मुठीचं डावं. वर पाच ठिपक्यांची बोटं. दोन्ही पावलं सारखी यायला हवीत.

टुकुनी बेहेरा नावाची एक पोर होती. आठ वर्षांची, हडकुळी, पण बोटांत नुसती जादू. तिच्या लोंब्या बघून मी मनातल्या मनात पहिला नंबर घेऊनही टाकला होता. घोडं अडलं ते पावलाशी. उजवं पाऊल सुरेख यायचं, आणि डावं आखूड, वरच्या बाजूने खचलेलं. वाकून पाहिलं तर ही पोरगी डाव्या हाताची करंगळी आत तळव्यात दुमडून मूठ वळत होती.

"अगं, करंगळी का लपवतेस? कुणी पळवून नेणार आहे का?"

"असंच असतं गुरुमा."

"असंच कसं? लक्ष्मी काय लंगडत येते तुमच्या घरी?"

वर्ग खदखदून हसला. टुकुनी खाली बघत राहिली. मी तिची करंगळी उलगडून बाकीच्या बोटांना जोडली आणि मूठ दाबली. पाऊल छान उमटलं. दुसऱ्या दिवशी करंगळी पुन्हा आत. मी पुन्हा बाहेर काढली. असं दहा-बारा दिवस चाललं. मी चिडले, पट्टी आपटली, एकदा तिला वर्गाबाहेरही बसवलं. जेवणाच्या सुट्टीत ती ताटातला डालमा, भाज्या घातलेलं वरण, तसाच टाकून शाळेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, रुसलीय, दुसरं काय!

शेवटी हात वळला. करंगळी आपसूक बाहेर राहू लागली. मी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली.

स्पर्धेसाठी मी स्वयंपाकघराचीच भिंत निवडली. व्हरांड्याच्या आत होती, रुंद होती. धुराने काळवंडली होती, दाराशी जुन्या झोटीचे पुसट डागही होते. पोरांच्या हाती नारळाच्या काथ्याचे बोळे दिले आणि म्हटलं, घासा.

टुकुनी दाराशी गेली. "गुरुमा, एवढा कोपरा राहू दे ना."

"का?"

तिने हातातला बोळा पाठीमागे नेला.

"नव्या चित्राशेजारी जुने डाग कशाला? चल, तूच घास तो कोपरा. नीट घास."

तिने घासला. गुरुमांनी सांगितलं ना! पाणी टाकून टाकून, कोपरा लाल होईपर्यंत घासला. वर आम्ही गेरूचे दोन हात दिले.

पहिला नंबर आला. परीक्षक बाई टुकुनीच्या पावलांसमोर थांबून म्हणाल्या, "किती रेखीव! हात कुणी बसवला हिचा?" मी लाजून हसले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी पोरांसाठी घरून पिठा, सणाचं तांदळाचं पक्वान्न, करून नेला. टुकुनीने घेतला नाही. स्वयंपाकाची राधी माउसी भात ढवळता ढवळता म्हणाली, "ती नाही घ्यायची गुरुमा. तिच्याकडे वर्षभर सण नाही. आई गेली ना रथयात्रेच्या आधी. बासंती. तुम्ही यायच्या आधी हीच चूल तिच्याकडे होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही तरी कधी इकडे फिरकलात? गुणी बाई हो. मळणीच्या यंत्रात डाव्या हाताची करंगळी गेली, तरी हात थांबला नाही. गेल्या मार्गशीर्षात या दाराशी तिनेच पावलं काढली होती. डावं पाऊल असं बसकं यायचं. मी म्हणायचे, अगं बासंती, तुझी लक्ष्मी लंगडी! तर म्हणायची, असू दे, लंगडी आहे, सोडून जायची नाही." पळी थांबली. "दहाव्याला काकीने घरच्या भिंती सारवून काढल्या, रीतच आहे. मग पोर इथं येऊन त्या पावलावर आपली मूठ ठेवून बघायची. रोज."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. तिथे उभं राहवेना आणि जाववेनाही.

शाळा सुटल्यावर मी टुकुनीला थांबवलं. वाटीत पीठ कालवून तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "टुकुनी, आईचं पाऊल काढ. तुला येतं तसं. मी काही बोलणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच का, असं. मग करंगळी दुमडली आणि मूठ दाबली. बघितलं, मान हलवली. थोडी जास्त दुमडून पुन्हा दाबली. मग मनगट तिरकं करून. व्हरांड्याच्या फरशीवर दहा, बारा, पंधरा पावलं झाली. घाईत मध्येच करंगळी सुटायची, आणि मी शिकवलेलं रेखीव पाऊल उमटायचं. ते ती तळव्याने पुसून टाकायची.

"असं नव्हतं," ती म्हणाली. "असंपण नव्हतं."

"आठवेल बाळा. सावकाश काढ."

"भिंतीवर असताना यायचं. त्यावर हात ठेवला की कळायचं." तिने पिठाने माखलेले दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग तिला एकदम काहीतरी सुचलं, चेहरा उजळला. "गुरुमा, तुम्ही सांगा ना! तुम्हाला तर सगळं बघून तस्संच काढता येतं. घासायच्या आधी तुम्ही पाहिलं होतं ना? कसं होतं?"

ती वाटी माझ्याकडे सरकवून थांबली.

एकवीस वर्षं मी पोरांना सांगत आले, आधी नीट बघा, मग हात उचला. आणि मी ती भिंत पाहिलीच नव्हती. मला तिथे फक्त डाग दिसले होते.

"नाही गं," मी म्हटलं. "मी नाही पाहिलं."

तिने मान डोलावली, जणू चूक तिचीच होती. मग वाटी पुन्हा आपल्याकडे ओढली आणि करंगळी दुमडली.